खवल्याचा श्वास

जिन्यात शिट्टी वाजली की बारकी हातातलं असेल ते टाकून दाराकडे पळायची.

शिट्टी म्हणजे तोंडानं वाजवतात ती नव्हे. आधी श्वास आत घ्यायचा, तो क्षणभर अडकल्यासारखा थांबायचा आणि सोडताना नाकातून बारीक, लांबत जाणारा आवाज निघायचा. 'खवल्या' नावाच्या सिनेमातला नायक अंधारातून येतो तेव्हा आधी ही शिट्टी ऐकू येते आणि मग तो दिसतो. गावातली सगळी पोरं सध्या तशी शिट्टी काढत होती. शाळेच्या रांगेत, बसच्या थांब्यावर, दुकानात आई सुट्ट्या पैशांसाठी ताटकळत असताना तिच्या पदराआडून.

बारकी दार उघडून कठड्यावरून खाली वाकायची. खाली तळमजल्यावरची जुळी भावंडं असायची, पाठीला पुठ्ठ्याचे खवले बांधलेली.

"तुम्ही होय," असं म्हणून ती परत यायची. पण दार पूर्ण लावायची नाही. फटीत चप्पल सरकवून ठेवायची.

तिची आई हे सगळं स्वयंपाकघरातून बघायची. शिट्टी वाजली की तिचाही हात थांबायचा. कारण ती शिट्टी तिच्या नवऱ्याची होती. लग्न झाल्यापासून ती शिट्टी तिच्या उशीशेजारी वाजत आली होती.

सिनेमात पडणं हा त्याचा धंदा. घोड्यावरून पडायचं, गच्चीवरून पडायचं, मोठ्या नटाच्या गुद्द्यानं जिन्यावरून गडगडत यायचं. तरुणपणी असंच एका शिडीवरून पडताना नाकाचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. तेव्हापासून झोपेत ती शिट्टी. "तुमची गाडी आज किती वाजता सुटली?" असं ती सकाळी विचारायची. "सुटली वेळेवर, पण तू हिरवा बावटा दाखवला नाहीस," असं तो म्हणायचा.

'खवल्या'च्या दिग्दर्शकाकडे पैशांच्या नावानं ठणठणाट होता. नायकाचा पोशाख त्यानं दारातली रबरी पायपुसणी कापून करवला. साध्या कपड्यांतल्या नायकाचं काम एका कारकुनानं केलं, त्याला रजा मिळेल तसं. पोशाख चढवल्यावर आत कायम बारकीचा बाबा. मुखवट्यात नाकाजवळ एक छोटा माइक चिकटवला होता, त्यात दम लागल्यावर निघणारी तीच शिट्टीही शिरली. ती काढून नवा आवाज भरायचा तर पुन्हा खर्च, म्हणून तशीच राहू दिली. हा नायक उडत नाही, आग फेकत नाही. भीती वाटली की खवलेमांजरासारखं अंगाचं गाठोडं करतो आणि मग त्याला काही लागत नाही. "घाबरणारा नायक कोण बघणार?" असं बारकीचा बाबा स्वतःच घरी हसून म्हणाला होता.

शूटिंग संपून थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी तो न्हाणीघरात गेला आणि तिथंच कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. बारकी तेव्हा सुट्टीसाठी मावशीकडे गेली होती. ती परत आली तेव्हा घरात माणसं बसलेली. "बाबा कुठायत?" असं तिनं दारातूनच विचारलं.

शेवटी तिचा काका म्हणाला, "शूटिंगला गेलेत. लांब."

याआधीही बाबा महिना महिना शूटिंगला जायचा, त्यामुळे बारकीनं मान हलवली आणि दप्तर ठेवलं. रात्री आईनं दिराला विचारलं, "असं कसं सांगितलंत भाऊजी?"

"त्या तोंडाकडे बघून दुसरं येईना, वहिनी. थोडे दिवस जाऊ देत. तो सिनेमा येईल आणि आठवड्यात उतरेल. मग शूटिंगही नाही आणि काही नाही. तेव्हा निवांत सांगू."

तिलाही ते पटलं, कारण त्या घडीला तिच्यातही सांगायची ताकद नव्हती. शाळेतल्या बाईंना सांगून ठेवलं, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. सगळ्यांनी शब्द पाळला.

सिनेमा आला, पण उतरला नाही.

पहिल्या खेळाला थिएटरात माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त होत्या. दुसऱ्या आठवड्यात कुणाची तरी पोरं गेली आणि घरी येऊन पलंगाखाली गाठोडं करून बसली. मग त्यांच्या वर्गातली गेली. घाबरणारा नायक पोरांना कुणी आजवर दिलाच नव्हता. महिनाभरात थिएटरवाल्यानं मोठ्या नटाचा सिनेमा काढून त्याचे खेळही 'खवल्या'ला दिले. भिंतीभिंतीवर ते रबरी खवले आणि तो मुखवटा. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, त्या दुकानाच्या समोरच एक पोस्टर लावलं होतं. संध्याकाळी दुकानाचं दार ओढताना मुखवट्याच्या डोळ्यांची दोन काळी भोकं तिच्या पाठीवर असायची.

शाळेनं सगळ्या वर्गाला सिनेमाला नेलं. बारकी घरी आली ती उजळून.

"आई, बाबा बोगद्यात गेलेत. शेवटी ते आत आत जातात, मग दिसत नाहीत, पण शिट्टी येते. म्हणजे आहेत ना तिकडे?"

आईनं हातातलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. काल सांगायला हवं होतं आणि आज ते कालच्यापेक्षा अवघड झालं होतं. रोज असंच होत होतं. सिनेमा एकेक आठवडा पुढे जायचा आणि खोटं एकेक आठवडा मोठं व्हायचं. दाराच्या फटीत चप्पल होतीच. एकदोनदा तर शिट्टी ऐकून बारकीच्या आधी आईच दारापाशी पोहोचली होती. जिना रिकामा होता. ती बराच वेळ कडी धरून उभी राहिली.

मग एका संध्याकाळी दिग्दर्शक आला. हडकुळा माणूस, नवा सदरा, त्याची घडी अजून मोडलेली नव्हती.

"वहिनी, दुसरा भाग करतोय," तो बसल्या बसल्या म्हणाला. "दादाच्या जागी नवा मुलगा घेतलाय. चांगला आहे. उड्या दादापेक्षा उंच मारतो. पण श्वास घेतला की वाटतं, याला सर्दी झालीय."

"मग सर्दीचं औषध द्या," आई म्हणाली.

तो हसला, पण विषय सोडला नाही. "तुमच्याकडे दादाचा आवाज असेल कुठे. फोनमध्ये, झोपेतला वगैरे. आमचा साउंडवाला त्यातून श्वास वेगळा काढू शकतो. मग तो कुठेही लावता येतो. धावताना, घाबरताना, कुठेही."

बारकी आतून पळत आली. "दुसऱ्या भागातपण बाबा आहेत?"

दिग्दर्शकाला सगळं माहीत होतं. त्यानं आईकडे पाहिलं, मग चपला शोधल्यासारखं जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "असणार तर."

"आणि तिसऱ्या?"

"तिसरापण करू की."

बारकीनं आनंदानं जमिनीवर गाठोडं केलं. आई तिच्या पाठीच्या मणक्यांकडे बघत राहिली. दुसरा, तिसरा. पोर मोठी होईपर्यंत दार उघडं राहणार. तरीही ती लगेच नाही म्हणाली नाही. तिच्या फोनमध्ये एक तुकडा होता खरा. नवरा गेल्यापासून तिनं तो लावला नव्हता. चांगल्या यंत्रावर तो एकदा तरी ऐकावा, असं तिला आतून फार वाटत होतं. "रविवारी येते, तुमच्या साउंडवाल्याकडे," ती म्हणाली.

रविवारी बारकीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तिलाही नेलं. साउंडवाल्याची खोली तळघरात होती. भिंतींना जाड कापूस भरलेलं कापड, खिडकी नाही, दार वीतभर जाडीचं. साउंडवाला पोट सुटलेला, मऊ बोलणारा माणूस होता. बारकीनं त्याला लगेच मामा करून टाकलं.

"ताई, बसा. घाई नाही," तो म्हणाला आणि फोनला वायर जोडली.

तुकडा उन्हाळ्यातल्या दुपारचा होता. पंखा कटकट करत फिरत होता. नवरा चटईवर झोपलेला. श्वास आत, अडकणं, शिट्टी. बारकी त्याच्या तळपायावर दोरा फिरवत खुदखुदत होती. मध्येच आईचा दबलेला आवाज, "अगं हळू, उठतील ना." आणि तिचंच हसू, जे तिनं नंतर स्वतःचं म्हणून कधी ऐकलं नव्हतं.

"भारी," दिग्दर्शक मागून म्हणाला. "मामा, साफ करा."

साउंडवाल्यानं आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तो पडद्यावर रेघा सरकवू लागला. आधी पंखा गेला. मग रस्त्यावरचा भोंगा गेला. मग बारकीचं खुदखुदणं विरत विरत गेलं. शेवटी आईचं हसू पुसलं गेलं. त्यानं बटण दाबलं.

खोलीत श्वास उरला. आत. अडकणं. शिट्टी. आजूबाजूला चटई नाही, दुपार नाही, तळपायावर दोरा फिरवायला कुणी नाही. सगळीकडून काळोख आणि मधोमध कुणीतरी श्वास घेतंय. आई खुर्चीत मागे सरली. हा तिचा माणूस नव्हता. रिकाम्या जिन्यातून तिला दारापर्यंत बोलवायचा तो हाच श्वास होता.

बारकी उठली. तिनं दोन्ही हातांनी ते जड दार ओढून उघडलं आणि बाहेरच्या ओसाड बोळात डोकावली. श्वास तिच्या पाठीमागे चालू होता आणि ती पुढे बघत होती.

"येतायत," ती हळूच म्हणाली.

"बंद करा," आई म्हणाली.

साउंडवाल्यानं बंद केलं. आई दारापाशी गेली, खाली बसली आणि बारकीला आपल्याकडे वळवलं.

"बाबा शूटिंगला गेलेले नाहीत. काका खोटं बोलला आणि मीपण गप्प बसले. तू मावशीकडे होतीस तेव्हा बाबा न्हाणीघरात पडले. ते मेले, बारके."

बारकीनं तिच्याकडे पाहिलं. "पडणं तर त्यांचं कामच आहे."

"हो. पण या वेळी खरं पडले. उठले नाहीत."

"खाली गादी नव्हती?"

"नव्हती."

दिग्दर्शक नव्या सदऱ्याच्या बाहीचं बटण काढ-घाल करत होता. मग बारकीनं स्पीकरकडे बोट केलं. "मग हे कोण?"

"हे तेव्हाचं आहे. ते झोपले होते तेव्हाचं."

"तेव्हा उठले होते?"

"तेव्हा उठले होते."

"मग उठतात ते लाव."

साउंडवाल्यानं न विचारता रेघा पुन्हा होत्या तिथं आणल्या. पंखा परत आला, भोंगा परत आला, खुदखुदणं, हसू, सगळं. तुकडा या वेळी शेवटपर्यंत चालला. शिट्टी तुटली, चटई करकरली आणि झोपेनं जड झालेला आवाज आला, "कोण गं हा उंदीर? धरा त्याला." मग बारकीची किंचाळी, धावपळ आणि संपलं.

बारकीनं या वेळी दाराकडे पाहिलं नाही. ती स्पीकरच्या जाळीकडे बघत होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज नव्हता.

"वहिनी," दिग्दर्शक घसा खाकरून म्हणाला, "वेळ वाईट आहे, कळतंय मला. पण लोक त्या शिट्टीसाठी येतात हो."

"येऊ देत," आई म्हणाली. "हे झोपले होते ते घरात झोपले होते, लोकांसाठी नाही. तुमच्या नव्या मुलाला त्याच्या नाकानं श्वास घेऊ द्या. सर्दी तर सर्दी."

"आता अर्धं गाव..."

"साहेब," साउंडवाला मध्येच म्हणाला, "तुम्ही जरा वर चहाचं बघता का?"

दिग्दर्शक गेला. साउंडवाल्यानं साफ केलेला तुकडा आईला दाखवून पुसला आणि वायर काढून फोन तिच्या हातात दिला. तिनं तो पर्समध्ये ठेवला.

बारकीनं विचारलं, "मामा, दार लावू?"

"लाव."

तिनं अंगाचा भार टाकून दार लावलं. बाहेरचं सगळं एकदम तुटलं. अशा खोलीत बाहेरचं काही उरलं नाही की माणसाला आतलं ऐकू येतं. बारकी दाराला पाठ लावून, डोकं एका बाजूला कलतं करून उभी राहिली. आईचा श्वास थोडा थरथरत होता. साउंडवाल्याचा जाडा, सावकाश. आणि तिचा स्वतःचा, रडून चोंदलेला. ती ऐकत राहिली, आणखी एखादा कुठे आहे का ते शोधत. आईनं तिला घाई केली नाही.

"तीनच आहेत," शेवटी बारकी म्हणाली.

"हो," आई म्हणाली. "तीनच."