झोपमोडचा पहिला टप्पा

केशकर्तन प्रशिक्षण संस्थेच्या अर्जात सतरा रकाने होते. सोळा रकाने पट्टीमास्तरांनी एका बैठकीत भरले. सतराव्यात ते दोन दिवस अडकून पडले. तिथे छापलं होतं, 'समाजमाध्यमांवरील अस्तित्व (दुवा जोडावा)'.

पट्टीमास्तर हे गिऱ्हाइकांनी दिलेलं नाव. मानेवरची केसांची रेषा ते अशी कापत, की पट्टी लावली तरी फरक सापडू नये. नकाशे काढणाऱ्या एका गिऱ्हाइकाने खरोखर लावून पाहिली होती आणि मग पट्टीच बदलली होती. एकतीस वर्षं एक दुकान, एक आरसा आणि एकच इच्छा : संस्थेत नव्या पोरांना मान शिकवायची. "यांना मशीन दिसतं, मान दिसत नाही," असं ते हळहळून म्हणत. संस्थेने त्यांना दोनदा नाकारलं होतं. पहिल्यांदा अनुभव कमी म्हणून, दुसऱ्यांदा जास्त म्हणून. आता वयाची अट आडवी येत होती. पुढच्या महिन्यात पंचावन्न पूर्ण, म्हणजे हा अर्ज शेवटचा.

"अस्तित्व म्हणजे नक्की काय गं?" त्यांनी काउंटरवरच्या बायकोला विचारलं.

"तुम्ही आहात की नाही ते."

"आहे की! हा काय समोर उभा आहे."

"अहो, इथे असून भागत नाही आता. फोनमध्ये असावं लागतं."

होस्टेलवर राहून संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीने फोनवरून मार्ग दाखवला. "बाबा, एखाद्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो टाका. ॲपमध्ये तयार चौकट असते. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. दोन फोटो ठेवायचे, बटण दाबायचं. बिघडवायला जागाच नाही."

फोटोसाठी डोकं घरातच मिळालं. मास्तरांचा मेव्हणा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जिन्यावरून पडला होता. पाय प्लास्टरमध्ये घालून दहा आठवडे तो एकाच कुशीवर लोळला होता, आणि त्याच्या केसांनी तेवढ्यात जमेल तेवढं करून घेतलं होतं. डावी बाजू उशीने दाबून सपाट झाली होती. उजवी बाजू घाबरल्यासारखी उभी होती. कानावरची एक बट आडवी निघून कुणाचा तरी पत्ता विचारत होती. मास्तरांनी एक फोटो काढला, चाळीस मिनिटं कात्री चालवली, दुसरा फोटो काढला. दुसऱ्या फोटोतला मेव्हणा इतका नीटनेटका होता, की त्याच्या बहिणीने त्याला क्षणभर "बसा ना" म्हटलं.

घोटाळा झाला तो मास्तरांच्या धंद्यामुळे. एकतीस वर्षं गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, "डावीकडून थोडे काढा," आणि बोट भलतीकडेच दाखवतं. मास्तर मनातल्या मनात बाजू उलटवतात आणि काम करतात. ही उलटापालट त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की बायकोने रस्त्यात "डावीकडे वळा" म्हटलं तर ते बेधडक उजवीकडे वळत. ॲपने "डावीकडे आधी" म्हणताच मास्तरांनी ॲपलाही गिऱ्हाईक समजून बाजू उलटवली. खाली लिहिलं, 'लागलेला वेळ : चाळीस मिनिटं. कारागिरी : एकतीस वर्षांची.' आणि बटण दाबून ते जेवायला गेले.

म्हणजे जगाने पाहिलं ते असं : एक व्यवस्थित माणूस दुकानात शिरला, आणि एकतीस वर्षांच्या अनुभवाने चाळीस मिनिटांत त्याचं हे करून ठेवलं.

पोळी अर्धी खाऊन होते न होते तोच मुलीचा फोन आला. "बाबा! फोटो उलटे लागलेत!"

"काढून टाकतो."

"काढू नका! नऊ हजार लोकांनी पाहिलंय. आता काढलंत तर म्हणतील काहीतरी लपवताय."

संध्याकाळपर्यंत नऊ हजारांचे तीन लाख झाले. कुणीतरी या केसांना 'झोपमोड' असं नाव दिलं आणि ते चिकटलं. एकाने लिहिलं, 'डावीकडची शरणागती आणि उजवीकडचं बंड. मी रडलो.' दुसरा म्हणाला, 'शेवटी कुणीतरी धाडस केलं.' तिसऱ्याने ही शैली मुळात त्याच्या भावाची असल्याचा दावा केला आणि पुरावा म्हणून झोपलेल्या भावाचा फोटो टाकला. एका बाईंनी कानावरच्या बटेवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात कुठली कात्री वापरली असावी, कोन किती असावा आणि कारागिराचं बालपण कसं गेलं असावं, हे सगळं होतं. 'आधी'च्या फोटोबद्दल मात्र सर्वांचं एकमत होतं : बिचारा! एखाद्या जामीनदारासारखा दिसतो. किती वर्षं असा जगला असेल?

मास्तरांनी एका बोटाने टाइप करून खुलासा टाकला. 'फोटो चुकून उलटे लागले आहेत. क्षमस्व.'

खुलाशाला मूळ फोटोपेक्षा जास्त पसंती मिळाली. 'काय विनोदबुद्धी!' 'एवढा मोठा कलावंत आणि ही नम्रता.' 'चूक हीच कला, हे किती थोडक्यात सांगितलं!' मास्तरांनी दुसरा खुलासा टाकला, 'मी गंमत करत नाही.' त्यावर लोक हसून हसून लोळले.

या सगळ्यात सुखी होता तो मेव्हणा. कुबडी काखेत घेऊन तो बाहेर पडला, की अनोळखी माणसं थांबून त्याच्या डोक्याकडे बघत आणि दंडावर हात ठेवून म्हणत, "धीर धरा. परत होतील तसे."

"ताई, मी चेहरा झालोय," तो येऊन म्हणाला.

"चेहरा नव्हे, डोकं. आणि तेही रिकामं असताना."

"भावोजी, हिला सांगा, कलाकाराशी असं बोलतात का?"

भावोजींचं लक्ष नव्हतं. त्यांच्या हातात संस्थेचं पत्र होतं. 'आपला अर्ज प्राप्त झाला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता आपल्या दुकानात प्रत्यक्ष पाहणी होईल. आपली अलीकडची शैली पाहण्यास समिती विशेष उत्सुक आहे.'

"अलीकडची शैली," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत बसले. गिऱ्हाइकाच्या.

"मग करून दाखवा की एखादी झोपमोड," फोनवर मुलगी म्हणाली. "विस्कटायला काय लागतं?"

मास्तरांनी प्रयत्न केला. सरावासाठी ठेवलेलं प्लास्टिकचं डोकं काढलं, त्यावर जुना केसांचा टोप चढवला आणि डोळे मिटून वाटेल तशी कात्री चालवली. डोळे उघडले तर सगळे घाव एका रेषेत होते. डाव्या हाताने केलं. रेषा आणखी सरळ आली. शेवटी मेव्हण्याला डोळे मिटून कापायला सांगितलं, तेव्हा टोप खरोखर बिघडला. पण मास्तरांना ते बघवेना. "थांब, एवढं कडेचं नीट करतो," म्हणत त्यांनी पाच मिनिटांत तो टोप एखाद्या बँक मॅनेजरला शोभेलसा करून टाकला.

"तुमच्या हाताला वाईट वळणच नाही हो," बायको म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि हे तिने पहिल्यांदाच तक्रारीच्या सुरात म्हटलं.

गुरुवारी सकाळी दुकानाबाहेर रांग होती. बायकोने वहीची पानं फाडून नंबर वाटले. अकराच्या ठोक्याला बारीक केसांच्या, साठीच्या एक बाई सरळ दाराकडे निघाल्या, तेव्हा रांगेतून आवाज उठला, "ओ बाई, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत? नंबर घ्या!" बाईंनी निमूटपणे नंबर घेतला. तेवीस. मग आत येऊन कोपऱ्यातल्या बाकावर, मेव्हण्याच्या प्लास्टरशेजारी बसल्या. त्या संस्थेच्या प्राचार्य होत्या. हे दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण समिती म्हटल्यावर मास्तरांनी तीन पुरुष आणि एक फाईल अशी कल्पना केली होती, आणि ते दर मिनिटाला दाराकडे बघत होते.

खुर्चीत पहिला नंबर बसला. जाहिरातींच्या कंपनीतला उंच तरुण होता. "झोपमोड," तो म्हणाला. "पूर्ण."

मास्तरांनी कात्री उचलली. समिती कुठल्याही क्षणी दारात येणार होती. समोर तरुण, मागे रांग, सगळ्यांचे फोन वर. त्यांनी एकदा तरुणाच्या मानेकडे पाहिलं, आणि त्यांच्याने राहवेना. मान फार चांगली होती.

"आज नाही होणार," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"याला दहा आठवडे लागतात. आज मी सरळ कापून देतो. मग दहा आठवडे काही करायचं नाही. फणी नाही, कात्री नाही. एकाच कुशीवर झोपायचं."

"पाय मोडलेला असेल तर उत्तम," मेव्हण्याने अनुभवाचे बोल ऐकवले.

तरुणाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे ही प्रक्रिया आहे!"

"प्रक्रिया कसली? केस वाढतात."

मग तरुण हळूच म्हणाला, "केस वाढतात." मागून कुणीतरी ते पुन्हा म्हटलं. अर्ध्या मिनिटात ते बावीसच्या बावीस फोनांमधून बाहेर पडलं, आणि रांगेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या माणसाला ते दुकानातून नव्हे, फोनवरून कळलं.

आणि मग मास्तरांनी कापायला सुरुवात केली. एकामागून एक नुसत्या माना. सपाट, गोल, भोवऱ्याची, घड्या पडलेली, उन्हाने रापलेली. इतक्या माना एका दिवसात त्यांना कधीच मिळाल्या नव्हत्या. ते दाराकडे बघायचं विसरले. एक जण उठला, आरशात बघून म्हणाला, "अगदी 'आधी'सारखा झालोय!" आणि आनंदाने बायकोला नाही, आईला फोन लावला. दुसऱ्याने विचारलं, दहा आठवड्यांनी पुन्हा यायचं का? "यायचं," मास्तर म्हणाले, "तोवर वाढलेले असतात." त्याने वहीत तारीख लिहून घेतली. त्याच्या बापाने आयुष्यभर हेच केलं होतं, पण त्याला कुणी टप्पा म्हटलं नव्हतं.

"तेवीस!" बायको ओरडली.

बाई खुर्चीत बसल्या. मास्तरांनी कापड बांधलं. "तुम्हालाही झोपमोडच ना?"

"नको. मानेवर रेषा हवी. सरळ."

मास्तरांचा हात थांबला. सकाळपासून रेषा मागून घेणारं हे पहिलं माणूस. त्यांनी मशीन बाजूला ठेवलं, वस्तरा घेतला. काम झाल्यावर बाईंनी डोळे मिटले आणि मानेवरून अंगठा फिरवला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग विचारलं, "ते दोन फोटो. खरं काय?"

"उलटे लागले बाई. आरशात बघून बघून माझं डावं-उजवं गेलंय. ती झोपमोड मी केली नाही, उशीने केली. माझा आहे तो जामीनदार."

"मी प्रशिक्षण संस्थेची प्राचार्य," बाई म्हणाल्या.

मेव्हण्याने कुबडी पाडली.

"समितीत पाच जण. मी आणि आणखी एक, आम्ही तुमच्या जुन्या कामासाठी तुमच्या बाजूने आहोत. बाकी तिघं त्या उशीसाठी. मी खरं कळवलं तर तिघं जातील, आणि नेमणूकही जाईल. नाही कळवलं तर सोमवारी रुजू व्हा. बोला, काय करू?"

बायको काउंटरवरून डोळ्यांनी खुणावत होती. मेव्हणा तोंडाने खुणावत होता. "भावोजी, गप्प राहा. गप्प राहायला काय लागतं?"

मास्तरांनी कापडावरचे केस झटकले. एकदा, मग उगाच पुन्हा एकदा. "खरं कळवा," ते म्हणाले. "नाहीतर पोरांना काय शिकवू? लोळायला?"

बाईंनी फोन काढला आणि समितीच्या ग्रुपवर मोठ्याने म्हणत टाइप केलं, 'अर्जदाराला समक्ष भेटले. फोटो चुकून उलटे लागले आहेत. झोपमोड ही त्यांची कारागिरी नाही. आपापलं मत पुन्हा कळवावं.'

फोन वाजला. बाईंनी वाचलं, "'हाहाहा. अस्सल! माझं मत कायम.'" पुन्हा वाजला. "'प्राचार्यांनाही त्यांच्या विनोदात सामील करून घेतलं, मानलं! मत कायम.'" तिसऱ्या सदस्याने नुसते सात हसरे चेहरे आणि दोन अंगठे पाठवले.

"पण मी खरं सांगतेय!" बाई फोनला म्हणाल्या, आणि त्यांनी तेही टाइप केलं. आणखी चौदा चेहरे आले.

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. "माझ्याकडून झालं. सोमवारी आठ वाजता. वेळेवर या." जाता जाता दारात त्यांनी पुन्हा एकदा मानेवरून अंगठा फिरवला. रांगेने टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते रांगेला माहीत नव्हतं, पण टाळ्या चांगल्या होत्या.

सोमवारी मास्तर आठला दहा कमी असताना वर्गावर हजर झाले. फळ्यावर विषय आधीच लिहून ठेवलेला होता, 'झोपमोड : सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक'. चाळीस मुलंमुली वह्या उघडून बसली होती.

मास्तरांनी सगळ्यांना पाठमोरं बसायला लावलं. चाळीस माना. त्यांनी त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळे भरून पाहून घेतल्या.

"झोपमोडचे टप्पे दोन," शेवटी ते म्हणाले. "पहिला, मानेवरची सरळ रेषा. ती नीट आल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरा टप्पा दहा आठवड्यांनी."

मागच्या बाकावरून एक हात वर गेला, पाठमोराच. "सर, पण कोर्स तर नऊ आठवड्यांचाच आहे."

"अरेरे," मास्तर म्हणाले आणि हसू लपवत वस्तऱ्याला धार लावू लागले.