फादर विस्टिनसाठी राखलेली कबर

शेजारच्या गावात एक मिशनरी पुरलेला आहे, वर संगमरवर. आमच्या गावात एकही नाही. माल्टाच्या या गोझो बेटावर अशी तूट कोणी विसरत नाही. म्हणूनच, केनियात उभा जन्म काढलेले आमचे फादर विस्टिन दुखरा गुडघा घेऊन बहिणीकडे आले, तेव्हा गावानं गुडघ्याच्या आधी त्यांच्या वयाची चौकशी केली.

आमचे धर्मगुरू दुन साल्वू तर त्याहून पुढचे. चर्चच्या भिंतीलगत त्यांनी जागा राखली, आणि विस्टिनचा पासपोर्ट 'सांभाळायला' म्हणून कपाटात घातला. विस्टिनना मंगळवारचं विमान गाठायचं होतं. तिकडच्या माणसांना त्यांनी शब्द दिला होता, मरायला तुमच्यातच येईन.

त्यांची बहीण जीझा माझी शेजारीण. पासपोर्ट मागायला ती गेली, तेव्हा मी सोबत होते.

"डॉक्टर प्रवास नको म्हणतात," दुन साल्वू म्हणाले.

"कुठला डॉक्टर? गुडघ्याचा की संगमरवराचा?"

"गावाची इच्छा आहे, जीझा."

"गावाला विचारलंत कधी?"

मग मिशनऱ्यांसाठी पाळला जाणारा मिशन रविवार उजाडला. प्रवचनात दुन साल्वूंनी जाहीर केलं, "आपले फादर आता कायमचे आपल्यात राहणार." टाळ्या पडल्या. विस्टिन स्वतःच्या बुटांकडे बघत बसले. तोंडासमोर माणसाची विल्हेवाट लागली आणि वर त्यानं कृतज्ञ दिसायचं. पुढच्या बाकावर जीझाची मान लाल होत गेली.

प्रवचनानंतर लोकांच्या वतीनं देवाकडे विनंत्या वाचायचं काम वर्षानुवर्षं तिचंच. ती उठली. पोपसाठी वाचलं, गाव म्हणालं, "प्रभो, आमचं ऐक." मिशनसाठी, आजाऱ्यांसाठी, तेच. एव्हाना अर्धं गाव मनानं घरी, चुलीवरच्या रविवारच्या सशापाशी पोचलेलं असतं. जीझानं कागदाची घडी घातली आणि त्याच सुरात म्हणाली, "दुन साल्वूंनी फादर विस्टिनचा पासपोर्ट आज परत द्यावा, म्हणून प्रार्थना करूया."

"प्रभो, आमचं ऐक," गाव घुमलं. माझा आवाज सगळ्यात मोठा. माझा ससा करपायला आला असणार.

मग सगळ्यांना अर्थ कळला. जीझा थांबली नाही.

"जिवंत माणसाच्या अंगाचं माप कबरीसाठी घेणाऱ्यांना लाज वाटावी, म्हणून प्रार्थना करूया."

या वेळी आवाज थोडे आले, पण जे आले ते समजून उमजून आले.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर दुन साल्वूंनी तिला वेदीमागच्या खोलीत गाठलं. "देवाच्या घरात माझा तमाशा केलास."

"गावाची इच्छा तुम्हीच सांगत होतात. ऐकलीत ना? काढा."

दारात आम्ही बायका उभ्या होतो. हातात मिशनसाठी विकायचे खजुराचे तळलेले इमारेट, आणि एकीलाही हलायची घाई नव्हती. दुन साल्वूंनी आमच्याकडे पाहिलं आणि कपाटाला किल्ली लावली.

जीझानं आभार मानले नाहीत, रिवाजाप्रमाणे धर्मगुरूंच्या हाताचं चुंबनही घेतलं नाही. बाहेर भावाच्या खिशात पासपोर्ट कोंबताना तिनं त्याचा कोट जवळजवळ उसवला.

"मिळाला की गं," विस्टिन म्हणाले. "आता कशाला चिडतेस?"

"मलाही तू इथंच हवा होतास, गाढवा," ती म्हणाली. "चल, बॅग भरायचीय."