येळवसेच्या आदल्या दिवशी मी अडले

मित्रांनो, मंद्रूपला काशम्माची पिठाची गिरणी आहे ना, तिथली मी जुनी मोटर. कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली जात होती, तेव्हा वाटलं होतं की आपण विहिरीवर जाणार, गार वाऱ्यात राहणार. आले पिठात! बावीस वर्षं झाली. कुणाच्या ज्वारीत किती खडे असतात, ते त्यांच्या घरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक.

परवाचीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे अख्खं गाव शेतात जेवायला. उंडे, भज्जी, आंबील. त्यासाठी पीठ आदल्या दिवशीच हवं. सकाळीच एकोणचाळीस डबे रांगेला लागले. काशम्मानं बटण दाबलं आणि मी नुसती गुरगुरले. फिरेचना.

"पट्टा ओढून हिसका दे की," महिपतीमामा म्हणाले. "आमच्या विहिरीवरची तशीच चालू हुती."

"मग तिलाच आणा हितं," काशम्मा म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. वेशीजवळ नवी गिरणी निघाली होती. आज तिकडे गेलेलं गिऱ्हाईक परत येईल याचा भरवसा नव्हता. मामांनी डबा उचलला. त्यांच्यामागे आणखी सहा उठले.

सोलापुरातून शाइस्ता आली, मोटरी दुरुस्त करणारी. तिनं आधी वीज तोडली, पट्टा काढला आणि मला हातानं फिरवलं. मी भिंगरीसारखी फिरले.

"बेअरिंग चांगलंय."

तिनं कपॅसिटर नवा बसवला. बटण दाबलं. पुन्हा गुरगुर! आणखी चार डबे गेले.

पुन्हा वीज तोडून तिनं माझं मागचं झाकण उघडलं. सुरुवातीचा जोर देणारा छोटा स्विच आत असतो. त्याच्यावर हिरवट पापुद्रा, कुंकू आणि पीठ.

"अव्वा, हिला पाणी कोण पाजतं?"

"पाणी न्हाय गं. दर अमावस्येला नारळ फोडते, जरा हिच्या अंगावर वतते. देवच की माजा."

"त्यानंच गंजली ही. नारळ खुशाल फोडा, पाणी तुम्ही प्या, खोबरं मला द्या. हिला कोरडं फडकं पुरे."

तिनं पॉलिश पेपरनं स्विच लखलखीत घासला. झाकण लागलं, बटण दाबलं आणि मित्रांनो, मी सुटले! पट्टा चढला, जातं घुमलं, पिठाचा धुरळा छपराला लागला. माझा आवाज वेशीपर्यंत गेला असणार, कारण थोड्याच वेळात महिपतीमामा डबा घेऊन हजर.

"तितं लई गर्दी हाय," ते म्हणाले.

"हितंबी हाय. मागं ठेवा," काशम्मा म्हणाली. हसू मात्र तिला लपवता येईना.

उरले होते अठ्ठावीस डबे. दिवेलागणीपर्यंत दळले एक्केचाळीस: गेलेले अकराही परतले, वर दोन नवे.

एवढंच मागणं आहे. आमच्यासारखी एखादी अडून गुरगुरायला लागली, तर लगेच बटण बंद करा, हिसके देऊ नका, जाणत्याला बोलवा. ती रुसलेली नसते, मित्रांनो. तिला सुरूच व्हायचं असतं.