पाय टेकणारी गाडी

सल्ला द्यायला माणसाला काही लागत नाही. तोंडात दात असले तरी चालतं, नसले तरी चालतं. दया भिंगारदिवे नर्सबाई मोटारसायकल घेणार ही बातमी गावात फुटली, आणि उपकेंद्रात येणारा जो तो बी.पी.च्या पट्ट्यात हात अडकवून गाडीवर बोलायला लागला. कुणी म्हणे ॲव्हरेज बघा. कुणी म्हणे सेल्फचीच घ्या, किक मारून गुडघा जातो. एक म्हातारबुवा तर म्हणाले, "बाईमानसाला गेरची गाडी कशापायी? एखादी स्कूटी घ्या की." त्यांच्या दंडावर दयानं पट्ट्याची हवा जरा जास्तच भरली.

म्हणे स्कूटी! पारनेरच्या त्या अंगाच्या वस्त्यांचे रस्ते ज्यानं बघितलेत तो स्कूटीचं नाव काढायचा नाही. डांबर संपलं की मुरूम, मुरूम संपला की ओढ्यातले धोंडे, आणि धोंडे संपले की मग कुठं वस्ती. लहान चाक तिथं अडकून बसतं. दयाला हवी होती मोठ्या चाकांची, हलकी गाडी. पाठीमागं लसींचा डबा बांधता आला पाहिजे आणि थांबली की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दया पाच फुटाला दोन बोटं कमी. तेव्हा एवढंसं मागणं पण सोपं नव्हतं.

खरं तर सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायची तिला अजिबात हौस नव्हती. ती दमली होती. एकवीस वर्षं ती नवऱ्याच्या, शमुवेलच्या, मागं बसून वस्त्या फिरली. शमुवेल शाळेत शिपाई. सकाळी तिला वस्तीवर सोडायचं आणि मग शाळेची घंटा द्यायला जायचं, हा त्याचा नेम. गावानं दोघांना कायम तसंच बघितलेलं, पुढं शमुवेल, मागं एका अंगाला पाय सोडून बसलेली दया, मांडीवर निळा डबा. मग साखरेनं शमुवेलच्या डोळ्याचे पडदे खाल्ले. नाताळाच्या आदल्या आठवड्यात रस्त्याकडेचा खडीचा ढीग त्याला दिसलाच नाही आणि दोघं गाडीसकट चारीत गेली. दयाचं कोपर फुटलं, पण डबा तिनं भुईला लागू दिला नाही.

नगरचा डोळ्यांचा डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलला. "राहिलीय तेवढी नजर सांभाळू. पण गाडी आता विसरा." दोघांनी ते ऐकलं. जुनी गाडी भंगारात गेली. कुणी विचारलं की शमुवेल सांगायचा, "तात्पुरतं हाय वो. एक आप्रेशन झालं की बसतो पुन्यांदा गाडीवर." आणि शेजारी उभी असलेली दया हो म्हणून मान हलवायची. तीन महिने तिनं मान हलवली, आणि तीन महिने डबा खांद्याला लावून वस्त्या पायी केल्या. जमलं तर कधी दुधाच्या गाडीवर, कधी कांद्याच्या टेम्पोत. संध्याकाळी चपला काढल्या की पाय कुणा दुसऱ्याचेच आहेत असं तिला वाटायचं.

शेवटी शेजारच्या मच्छिंद्र दूधवाल्यानं तिला आपल्या गाडीवर शिकवलं, पाझर तलावाच्या कोरड्या पोटात. दोनदा पडली, एकदा रडली, पण शिकली. लायसनही निघालं. शमुवेल एकदाही तिकडं फिरकला नाही. डोळ्यावर ऊन येतं म्हणाला.

आता ऐका, घोडं कुठं पेंड खात होतं ते. दयाच्या पायांना पुरेल अशी बुटकी गाडी घरात आली, की शमुवेल पुन्हा गाडी चालवणार नाही यावर शिक्का बसणार होता. डॉक्टरनं सांगितलेलं एकवेळ विसरता येतं, दारात उभी असलेली गाडी कशी विसरणार? म्हणून पारनेरला शोरूममध्ये जाताना एसटीत शमुवेलनं विषय काढला. "जरा दमदार घेऊ. दीडशे सीसीची. आत्ता तू चालव, पर पुढं मलाच चालवायचीय ना."

दया खिडकीबाहेर बघत राहिली. वाद घालायलासुद्धा अंगात ताकद लागते.

शोरूममधला विकणारा गोरक्ष म्हणून होता, पोट सुटलेला, बोलायला गोड. त्यानं दीडशेची उंच काळी गाडी पुढं ओढली, डबल स्टँडला लावली आणि म्हणाला, "बसून बघा. बसल्याबिगर गाडी कळत न्हाई."

शमुवेलनं हँडल चाचपलं, टांग टाकली आणि बसला. आणि दयानं काय करावं? पर्स खांद्यावर नीट केली, ओढणी खोचली आणि त्याच्या मागं एका अंगाला पाय सोडून बसली, हात त्याच्या खांद्यावर! एकवीस वर्षांची सवय. अंगाला कळतं, डोक्याला विचारायला अंग थांबत नाही. बसल्यावर तिला बरंसुद्धा वाटलं, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. क्षणभर पाठ टेकल्यासारखं वाटलं.

गोरक्ष हसला. "मॅडम, लायसन तर तुमचं म्हनला. मग मागं काय बसलाय? चालवनार कोन?"

"मी," शमुवेल म्हणाला. ठासून म्हणाला, मान वळवून, गोरक्षच्या तोंडाकडे बघत. फक्त गोरक्ष तिथं नव्हता. तो डावीकडं उभा होता आणि शमुवेल उजवीकडच्या खांबाकडं बघून बोलत होता.

दयाला कीव आली, राग आला, काय काय आलं. आणि तीन महिने दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"अहो, दिसत न्हाई तुम्हाला. डॉक्टर बोलला तेव्हा मी पण तिथंच हुते. किती दिवस चालवायचं हे? मी दमले हो. डबा वाहून दमले, अन् तुमच्या बोलण्याला मान हलवून त्याच्यापेक्षा जास्त दमले."

शोरूममधली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. गोरक्ष शहाणा माणूस, पाणी आणतो म्हणून आत निघून गेला. शमुवेल हँडल धरून तसाच बसून राहिला. पुढचा ब्रेक त्यानं दाबून धरला होता, जशी काही गाडी उतारावर होती. दयाला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांत या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावलं नव्हतं, ते आज लावलं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मग ब्रेकवरची बोटं सोडत तो म्हणाला, "उतर आधी. मागचं मानूस उतरल्याबिगर पुढच्याला उतरता येत न्हाई."

ती उतरली. मग तो उतरला. टाकीवर एकदा हात फिरवला, आणि गोरक्ष पाणी घेऊन आला तसा त्याच्या पावलांच्या आवाजाकडं वळून म्हणाला, "ही राहू द्या. हिच्यासाठी बुटकी दाखवा. दोन्ही पाय टेकले पाहिजेत."

मग सुरू झाली खरी पारख. दया गाडीवर बसायची आणि शमुवेल तिच्या पायाशी उकिडवा बसून तिच्या टाचेखाली बोटं सरकवून बघायचा. पहिल्या गाडीला तिच्या चवड्यांनीच काय ती जमीन शिवली. "अख्खा हात जातोय. ही नको." दुसऱ्या गाडीला दोन बोटं गेली. दया म्हणाली, "चालंल हो, जाड तळाची चप्पल घालीन." तो म्हणाला, "धोंड्यात गाडी कलली तर चप्पल धरील व्हय तुला?" आणि ती गाडीही गेली. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत होती. बायकोच्या पायाशी बसलेला पन्नाशीचा पुरुष काही रोज बघायला मिळत नाही. बघेनात का. शमुवेलला ते दिसत नव्हतं आणि दयाला त्याची लाज वाटत नव्हती.

तिसरी गाडी शंभर सीसीची, कोपऱ्यात धूळ खात पडलेली. दया बसली. शमुवेलनं टाचेखाली बोट घालायला बघितलं. बोट गेलं नाही. दुसऱ्या टाचेलाही गेलं नाही.

"ही," तो म्हणाला.

"साहेब, हे जुनं मॉडेल हाय," गोरक्ष म्हणाला, "यात कलर एकच राहिलाय, लाल. दुसरा हवा तर थांबावं लागंल."

"कलरचं मला काय सांगता?" शमुवेल म्हणाला आणि स्वतःच हसला. दयालाही हसू आलं. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले.

आठ दिवसांनी कागदपत्रं झाल्यावर दोघं गाडी आणायला गेली. गोरक्ष चाकाखाली ठेवायला लिंबं आणि फोडायला नारळ घेऊन आला. शमुवेल म्हणाला, "ते तुमच्यातलं राहू द्या. आमी प्रार्थना करतो." आता शमुवेलची प्रार्थना म्हणजे काय चीज, हे त्यांच्या ख्रिस्ती देवळातल्यांना विचारा. तो प्रार्थनेला उभा राहिला की नंतरचा चहा दोनदा तापवावा लागतो, असं पाळकसाहेब स्वतः म्हणायचे. दयानं डोळे मिटले. शमुवेलनं लाल टाकीवर हात ठेवला. "प्रभू, ही दयाची गाडी हाय. तिला सांभाळ. आमेन."

झालं. एवढंच. दया अजून डोळे मिटून पुढच्या शब्दांची वाट बघत होती.

ती पुढं बसली, तो मागं. मागं बसायचं त्याला कुठलं माहीत? हात कुठं ठेवावा ते कळेना. आधी मागचा दांडा धरला, मग मांडी धरली स्वतःची, आणि पहिल्या गचक्याला तिचा खांदा धरला. पारनेरच्या बाहेर पडेपर्यंत दया पहिल्याच गिअरवर, घामाघूम. गाडी नुसती बोंबलत होती.

"दुसरा टाक," मागून आवाज आला.

"कळत न्हाई हो मला, कधी टाकायचा."

"आवाज ऐक की. रडतीय ती. टाक."

तिनं दुसरा टाकला. गाडी शांत झाली. "आता तिसरा. हां. आता ऱ्हाऊ दे." रस्त्यातला एक खड्डा त्याला दिसत नव्हता, पण इंजिनाचा हुंकार न् हुंकार त्याला कळत होता. चढाला म्हणायचा, "उतरव एक." सपाटीला म्हणायचा, "टाक." त्याचा आवाज हळूहळू मोकळा झाला. दयाला तो आवाज ओळखीचा वाटला, तीन-चार महिन्यांत ऐकलाच नव्हता तो.

डांबरी फाटा सोडून गाडी मुरमाच्या रस्त्याला लागली. एव्हाना दयाच्या कानाला चटक लागली होती. इंजिन रडायला लागलं तसं तिच्या पायानं आपसूक तिसरा दाबला. शमुवेलनं तोंड उघडलं असावं, कारण खांद्यावरची बोटं जराशी उचलली गेली आणि परत टेकली. तो काही बोलला नाही. पुढच्या चढालाही तिनं आपणच गिअर उतरवला. तेव्हाही नाही. मैलभर तो गप्प. खांद्यावरचा हात हलका, आहे की नाही असा.

दया फार थकली होती. मनगटं ठणकत होती, पाठ भरून आली होती, केव्हा एकदा घरी जाऊन आडवी होईन असं झालं होतं. ओढ्यावरचा पूल आला. तिनं वेग कमी केला, दुसऱ्यावर आणली, पूल ओलांडला. पुढं सपाट रस्ता. तिनं मूठ पिळली, इंजिन रडायला लागलं. पाय गिअरवर होता. तिला पक्कं कळत होतं.

तिनं दाबला नाही.

गाडी बोंबलायला लागली. कडेला शेळ्या वळणारी बाई मान वर करून बघायला लागली. तरी दयानं दाबला नाही, कान तेवढा मागं लावला.

"अगं टाक की तिसरा!" शमुवेल तिच्या कानात ओरडला, तिचा खांदा घट्ट धरून. "इंजिन जाळतीस का काय?"

"टाकते," दया म्हणाली आणि तिनं टाकला.