लीड्सच्या मशीनची खूण

मला राग लवकर येतो, हे इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या मंगळवारी वैभवी माझ्या टेबलापाशी येऊन नुसतीच उभी राहिली, तेव्हा मीच खेकसलो, "बोल की!"

"सर, लीड्सचं मशीन कनेक्ट करताना वॉर्निंग येतेय. होस्ट की बदललीय म्हणतंय."

दूरचं मशीन जोडलं की ते आधी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक खूण, म्हणजेच होस्ट की, दाखवून ओळख पटवतं. खूण वेगळी दिसली की आपला कॉम्प्युटर बोंब मारतो, हे तेच कशावरून? हॉस्पिटलचं ते मशीन मी रविवारी नव्याने उभं करून घेतलं होतं, म्हणजे खूण बदलणारच. माझ्यापुढेही बोंब झाली होती. जुनी खूण पुसली, 'येस' टाइप केलं, कामाला लागलो. सोमवारी माझ्या हाताखालच्या सुयश आणि स्वानंदनेही तेच केलं.

"सांगितलंय ना, जुनी काढ आणि येस कर."

"हो सर. पण नवी खूण तिथल्या स्क्रीनवर कुणी ताडून बघितलीय का?"

माझा पारा चढला. सव्वीस वर्षं हेच काम करतोय, आणि ही साडेपाच महिन्यांची पोरगी माझी परीक्षा घेणार! तिचा प्रोबेशनचा फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. शुक्रवारपर्यंत मी सही केली तर नोकरी पक्की. नाहीतर व्हिसाची स्पॉन्सरशिप जाणार, आणि नवरा, इयर वनमधली लेक तनिषा, सगळा संसार उचलून नागपूरला परत. हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी बाई जागची हलेना.

"साडेअकरा वाजलेत. बाराला ऑपरेशनची वेटिंग लिस्ट चढवायचीय," मी म्हणालो.

"म्हणूनच विचारतेय सर. नावं, पत्ते, आजार, सगळं आहे त्यात."

खरं सांगतो, तिला तोंडघशी पाडायचं म्हणूनच मी लीड्सला फोन लावला. तिथल्या हॉस्पिटलात जय असतो, दोन मुलांचा बाप, जन्म तिथलाच.

"ओके काका, मशीन माझ्या समोर आहे. मी वाचतो, तुम्ही चेक करा."

पहिलंच अक्षर जुळलं नाही. दुसरंही नाही. मी त्याला परत वाचायला लावलं, त्याने परत तेच वाचलं.

दहा मिनिटांत उलगडा झाला. रविवारी आमच्या सिस्टीममध्ये लीड्सच्या मशीनचा पत्ता भरताना मीच चूक केली होती. भरलेला पत्ता नवीन क्लार्कच्या सरावाच्या मशीनचा होता आणि ते कुणीही उघडू शकत होतं. दोन दिवस आम्ही तिघे इमानेइतबारे भलत्याच मशीनची चाकरी करत होतो. लिस्ट तिथे गेली असती तर अकराशे पेशंटांची दुखणी चव्हाट्यावर आली असती.

"तुला शंका आली नाही?" मी सुयशला विचारलं.

"सर, तुम्ही सांगितल्यावर कसं विचारणार?"

ऑफिसातले इंग्रज मला माधव म्हणतात आणि तोंडावर वाद घालतात. आपली मुलं सर म्हणतात आणि मान डोलावतात. आजवर याचा मला अभिमान होता. त्या दिवशी लाज वाटली.

पत्ता दुरुस्त केला, जयकडून खूण अक्षर न् अक्षर ताडली आणि दोन वाजता लिस्ट योग्य जागी गेली. मग मी वैभवीचा फॉर्म काढला आणि तिच्यादेखत सही केली. तिने तो दोनदा वाचला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

आता झालेल्या चुकीबद्दल रिपोर्ट लिहायचा होता. चूक कुणाची, या रकान्यात माझं नाव घातलं. पुढचा रकाना वेळेचा.

"वॉर्निंग किती वाजता दिसली?"

"नऊ वाजून पाच मिनिटांनी."

"अगं, माझ्याकडे तर साडेअकराला आलीस!"

ती फॉर्मची कडा बोटाने सरळ करत राहिली. मग म्हणाली, "दोनदा तुमच्या टेबलापर्यंत येऊन परत गेले, सर. नंतर नवऱ्याला फोन केला. विचारलं, नागपूरला परत जावं लागलं तर चालेल ना? तो चालेल म्हणाला, तेव्हा आले."

वेळेचा रकाना तसाच ठेवून मी तिच्यासाठी चहा आणायला उठलो.