रुबीनाचं पोट

शिरड शहापुरात रुबीनाच्या पिठाच्या गिरणीवर अख्ख्या गल्लीचं दळण यायचं. नवरा आसिफ तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हा लोक म्हणाले, गिरणी आता विकावी लागणार. रुबीनानं नवऱ्यामागं घरात बसून काढायचे इद्दतीचे दिवस पाळले आणि ते संपले त्याच आठवड्यात स्वतः खटका दाबला. पट्टा चढवायला, जात्याच्या दगडाला टाकी लावून धार करायला ती हळूहळू शिकली.

तिचं पोट मात्र जन्मापासूनच हट्टी. आठ-आठ दिवस साफ व्हायचं नाही, फुगून टणक व्हायचं. लहानपणी एरंडेल झालं, नजर उतरवून झाली, एका म्हाताऱ्यानं बेंबीजवळ तापल्या सळईचा डागसुद्धा दिला. लग्नानंतर आसिफनं नांदेडला नेलं. तिथं डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरून दाखवला. मोठं आतडं जन्मतःच फार लांब होतं. पोटात मावत नव्हतं म्हणून वेटोळी घालून बसलं होतं. "यात तुझा काही दोष नाही," डॉक्टर म्हणाले, आणि बाहेर आल्यावर ती बराच वेळ रडली होती.

यंदा उन्हाळ्यात पोट कधी नव्हतं इतकं फुगलं, ते पंधरवडाभर उतरलंच नाही. विधवा बाई, आणि पोट वर आलेलं. गल्लीनं अर्थ लावून टाकला.

एका सकाळी गल्लीतले वडीलधारे अल्लाबक्ष चाचा आले. सोबत शेजारचे तातेराव. सासू खतीजाबीनं दोघांना खुर्च्या दिल्या.

"रुबीना, तू आमच्या लेकीसारखी," चाचा म्हणाले. "लोक बोलून राहिले. काय असंल ते खरं सांग."

"लोक काय बोलून राहिले, चाचा?"

चाचांनी तातेरावांकडं पाहिलं. तातेरावांनी छताकडं.

"तुमच्या तोंडून निघत न्हाई, अन् माझ्या तोंडून काढायला आलात व्हय?"

खतीजाबी पेटीतला तो फोटो आणायला उठली. रुबीनानं तिचं मनगट धरलं. "राहू द्या, अम्मी."

"दाखव की. एका मिनिटात तोंडं बंद होतील."

"आज फोटो दाखवला, तर उद्या म्हणतील अमक्या बाईकडून तपासून घे. माझ्या पोटाचा जबाब मी कोणाला देणार न्हाई." मग ती पाहुण्यांकडं वळली. "चहा ठेवलाय, पिऊन जा."

दोघंही चहा न पिता गेले.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर चार डबेसुद्धा आले नाहीत, बायका दूरच्या गिरणीवर गेल्या. संध्याकाळी खतीजाबी म्हणाली, "तुझ्या हट्टापायी चूल बंद पडंल." रुबीनानं रात्री पेटी उघडली, फोटो हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. पोटात कळा येत होत्या.

सकाळी भिकाबाई ज्वारीचा डबा घेऊन आली. ती दूर शेतातल्या आखाड्यावर राहणारी, गल्लीतलं तिच्या कानावर गेलेलं नव्हतं, की गेलं असून तिनं सोडून दिलं होतं, कोण जाणे.

"चेहरा काहून असा उतरला गं? पोट दुखून राहिलं का?"

इतक्या दिवसांत कोणी हे विचारलं नव्हतं. रुबीना पोत्यावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, डागापासून फोटोपर्यंत. भिकाबाईनं मधे तोंड घातलं नाही.

"मंग इथं काय बसलीस? नांदेडला जा. ज्वारी मी टाकते, मला येतं."

रुबीना त्याच दिवशी गेली. डॉक्टरांनी पोट मोकळं केलं आणि सांगितलं, पीळ पडायची भीती आहे, पुढं कधीतरी जादा आतडं काढावं लागेल. तिसऱ्या दिवशी ती सपाट पोटानं घरी आली. गल्लीनं त्याचाही अर्थ लावला. नांदेडला जाऊन मोकळी होऊन आली म्हणे.

हे ऐकून खतीजाबीनं कपाळाला हात लावला. रुबीनाला मात्र हसूच आलं. तिचं उरलंसुरलं भय त्या हसण्यात गेलं.

दूरची गिरणी पीठ जाळते म्हणून बायका पुन्हा येऊ लागल्या. तातेरावांची बायको नर्मदाबाईही आली. तिनं रुबीनाला खालवर न्याहाळलं. "बारीक झालीस गं."

रुबीनानं खटका बंद केला. जातं थांबलं, आता तिचा शब्द रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाणार होता.

"व्हय, काकू. पुढच्या महिन्यात पुन्हा फुगंल. माझं आतडं जन्मापासून लांब हाय, ते असंच फुगतं अन् उतरतं. तुमी बसा दिवस मोजत."

नर्मदाबाईनं ज्वारीचा डबा पुढं सरकवला आणि ती घरी गेली.

दुपारी खतीजाबी हळूच म्हणाली, "ऑपरेशन करून टाक ना. लोकांचं बोलणं तरी मिटंल."

"दुखलं तर कापून घेईन, अम्मी," रुबीना म्हणाली. "लोकांसाठी एक बोटभरही न्हाई." आणि तिनं नर्मदाबाईची ज्वारी जात्यात ओतली.