पाहुण्यांसाठी राखलेली चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. वयाने जुनी, अंगाने मात्र कालपरवापर्यंत नुकतीच विणल्यासारखी कोरी. चटईला अशा कोरेपणाचा अभिमान वाटतो असं तुम्ही समजत असाल, तर तुम्ही कधी चटईशी बोललेला नाहीत.

माझा जन्म सामोआतल्या एका खेड्यात झाला. सिएनी नावाच्या बाईने केवड्याच्या कुळातल्या झाडाची पानं कापली, काटे सोलले, पानं उन्हात वाळवली आणि साऱ्या गावाची उणीदुणी काढत मला विणलं. कडेला लाल-हिरव्या लोकरीची झालर लावली. त्या गावात रविवारी चर्चमधून आलं, की तापल्या दगडांवर भाजलेलं डुक्कर आणि नारळाच्या दुधातला अळू पोटभर खायचा आणि सगळ्या घराने आडवं व्हायचं. त्या वेळी रस्त्याने कोणी चालताना दिसलं, तर पुढच्या रविवारपर्यंत त्याला नावं ठेवतात. सिएनीने मला त्या झोपेसाठीच विणलं आणि ऑस्ट्रेलियाला निघालेल्या लेकीच्या काखेत दिलं.

"तिकडे रविवार असतो ना गं, लुपे?"

"असतो की, आई. सगळीकडे असतो."

असतो खरा. पण ब्रिस्बेनजवळच्या लोगनमध्ये लुपे एका वृद्धाश्रमात कामाला लागली आणि रविवारची जादा पाळी हसतमुखाने घेऊ लागली. तिथल्या म्हाताऱ्यांना ती हलकेच कुशीवर वळवायची, उशी सारखी करायची, "झोपा हं आता," म्हणायची. घरी आली की स्वतः मात्र सोफ्यावर बसल्या बसल्या, हातात चमचा धरून पेंगायची.

आणि मी? मी गादीखाली. कारण आमच्या लोकांत चांगली चटई पाहुण्याची. पाहुणे आले, पण त्यांना पलंग आवडायचा. एकदा पाद्रीबाबा माझ्यावर टेकले आणि चहा संपताच उठले. माझ्या नावावर जमा झालेली विश्रांती एवढीच.

"परवा सिग्नलला चक्क डोळे मिटलेस तू," तिची चुलतबहीण मलिया एकदा कडाडली. "मागची माणसं भोंगे वाजवून थकली! एक दिवस थेट खांबात घुसशील."

"झोपेन गं. एवढा आठवडा जाऊ दे."

तो आठवडा गेलाच नाही. त्यातच आमच्याच गावाहून इकडे आलेल्या म्हाताऱ्या तेलेसियाचा नवरा वारला. मयताच्या घरी मानाची चटई न्यायची आमची रीत. ती चटई म्हणजे रेशमासारखी मऊ, लाल पिसांची किनार असलेली. तिच्यावर कोणी झोपत नाही. तीही माझ्याच शेजारी गादीखाली, माझ्यासारखीच फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेली होती. रात्रपाळीहून आलेल्या लुपेने हात घातला आणि मला उचललं. वजनावरूनसुद्धा तिला कळलं नाही, इतकी ती थकली होती.

मयतासाठी सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमले होते. तिथे सगळ्यांसमोर दोन बायकांनी माझी टोकं धरून मला उलगडलं.

"अगं बाई, ही तर झोपायची!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हसू फुटलं. लुपेचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आपणच आपल्याला गुंडाळून घ्यावं.

काळ्या कपड्यातली तेलेसिया पुढे आली. तिने माझा कोपरा चाचपला, वीण उलटून पाहिली.

"हा सिएनीचा हात. कधीची आहे ही?"

"मी इथे आले तेव्हाची, मावशी. चुकून आणली... माफ करा."

"आणि हिच्यावर कोणी झोपलंच नाही? कडा बघ, कशा ताठ. मधे साधा खळगा नाही. पोरी, तू झोपतेस तरी कुठे?"

लुपेचे डोळे तेवढे भरून आले.

"माझा म्हातारा जन्माची कामं उरकून झोपलाय," तेलेसिया हळूच म्हणाली. "तुला त्याच्या पाठोपाठ जायची घाई आहे का? ही मला अशी नको. झोपून झोपून जुनी कर, मग आण. आणि सुरुवात आत्ताच कर."

गाणाऱ्या बायकांच्या मागे, कोपऱ्यात मला अंथरलं गेलं. लुपे लाजत टेकली आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत झोपली. उठली तेव्हा तिच्या गालावर माझी सबंध वीण उमटली होती. ती पाहून या वेळी कोणी हसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वृद्धाश्रमातून रविवारच्या जादा पाळीसाठी फोन आला. "जमणार नाही," लुपे म्हणाली, "घरी पाहुणी येणार आहे."

मलियाने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. "कोण गं? मला सांगितलं नाहीस!"

लुपेने मला खिडकीपाशी अंथरलं आणि झालर सारखी केली. "मी," ती म्हणाली, आणि आडवी झाली.

मित्रांनो, आता माझी लोकर विटली आहे, मधे छान खळगा पडला आहे. चर्चच्या दारात तेलेसिया विचारते, "झाली का जुनी?" लुपे सांगते, "अजून थोडी राहिलीय, मावशी." तुमच्याही घरात पाहुण्यांसाठी राखलेलं काहीतरी मऊ असेल. परक्या मुलुखात असाल तर नक्कीच असेल. ते बाहेर काढा आणि त्यावर पाठ टेका. आम्ही झिजायलाच जन्मलो आहोत, तुम्ही नाही.